जर्मन व लॅटिन धर्मगीतांच्या सुट्या वह्या आणि त्यांच्या छापील आवृत्त्या

पोथीचें एखादें पान हरवलें म्हणजे काय होतें, हें जुन्या कागदांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. त्या पानावरील मजकूर जातो, पण मागचा व पुढचा मजकूर शाबूत राहतो. युरोपांतील देवळांत गाइल्या जाणाऱ्या जुन्या वृंदगानाच्या पुस्तकांची गोष्ट याहून निराळी आहे. तेथें एक वही गहाळ झाली म्हणजे पहिल्या पदापासून शेवटच्या पदापर्यंत प्रत्येक पद पंगू होतें. कारण हरवतें तें पान नव्हे, तर एक आवाज. प्रस्तुत लेखांत जर्मनींतील धर्मसंगीताच्या अशा वह्या आणि त्यांवरून तयार झालेल्या छापील आवृत्त्या यांचा थोडा विचार करावयाचा आहे. विषय परदेशचा असला तरी त्यांतील अडचणी आमच्या वाचकांस रोजच्या परिचयाच्या आहेत: अस्सल व नक्कल यांचा निवाडा, मागाहून दुसऱ्यानें केलेल्या दुरुस्त्या, सन नसलेल्या कागदाचा काळ, आणि दप्तराच्या वांटण्या.

प्रथम या पुस्तकांची घडण सांगितली पाहिजे. आपल्या गायनांत एक मुख्य स्वरावली असते व बाकीचे तिला साथ करितात. युरोपीय वृंदगानांत सोप्रानो, आल्टो, टेनर व बास असे निदान चार आवाज एकाच वेळीं निरनिराळ्या स्वरावली गातात, आणि त्या सर्वांच्या मेळांतून पद उभें राहतें. सोळाव्या व सतराव्या शतकांत हे चार आवाज एकाखालीं एक मांडून क्वचितच छापीत. प्रत्येक आवाजाची वही निराळी असे. सोप्रानो गाणाऱ्या मुलांपुढें सोप्रानोची वही, बास गाणाऱ्यांपुढें बासची. दुसरा काय गातो हें कोणाच्याहि कागदावर नाहीं. यांत कागद वांचे आणि गाणाऱ्याची सोय होई. परंतु ग्रंथ म्हणून पाहिल्यास हा मोठा नाजूक प्रकार. चार किंवा आठ वह्यांचा संच म्हणजे एक ग्रंथ, आणि त्या वह्या चार गायकांच्या हातीं, पुढें चार घरीं, शेवटीं चार गांवीं जावयाच्या. इ. स. १९५२ सालीं पॅरिस येथें संगीताच्या जुन्या साधनांची आंतरराष्ट्रीय सूचि करण्याचें काम सुरू झालें, तिच्या नोंदींत म्हणूनच कोणत्या ग्रंथालयांत कोणत्या आवाजाची वही आहे हें वेगळें सांगावें लागतें.

छपाईचा आरंभ व्हेनिस येथें झाला. ओत्ताविआनो पेत्रुच्ची यानें १५०१ सालीं अनेक आवाजांच्या संगीताचें पहिलें पुस्तक सुट्या खिळ्यांनीं छापलें. त्याच्या सुरुवातीच्या रीतींत रेघा एकदां, स्वरचिन्हें दुसऱ्यांदा व शब्द तिसऱ्यांदा, असा कागद यंत्राखालून तीनदां जात असे. काम अत्यंत सुबक, पण खर्चाचें. पुढें १५२८ च्या सुमारास पॅरिसच्या पिएर आतेञां यानें रेघेचा तुकडा व स्वर एकाच खिळ्यावर ओतून एका छाप्यांत काम उरकण्याची रीत रूढ केली. ती दिसावयास ओबडधोबड. रेघा जागोजाग तुटक दिसतात. परंतु धर्मगीतांचीं पुस्तकें स्वस्त झालीं तीं या तुटक रेघांमुळें.

जर्मनींत १५२४ सालीं विटेनबेर्ग येथें योहान वाल्टर याचें वृंदगीतांचें लहानसें पुस्तक सुट्या वह्यांच्या रूपानें निघालें. त्याला खुद्द मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना आहे. त्यांत ४३ पदें असून त्यांपैकीं ३८ जर्मन व ५ लॅटिन आहेत. ल्यूथरनें लोकभाषेंत उपासना आणली म्हणून लॅटिन हद्दपार झाली, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती येथेंच चुकीची ठरते. ल्यूथरपंथी देवळांतून व शाळांतून लॅटिन गायन पुढें दोनशें वर्षें चाललें होतें. (हा पंथ आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. तंजावरचे सरफोजीराजे ज्यांच्या देखरेखीखालीं वाढले, ते श्वार्त्झ पाद्री याच पंथाचे जर्मन गृहस्थ.) ड्रेस्डेन दरबारचा संगीताधिकारी हाइनरिख श्यूट्स (१५८५–१६७२) यानें १६२५ सालीं लॅटिन पदांचा संग्रह छापून तो एका कॅथलिक सरदारास अर्पण केला, आणि तीस वर्षांचें युद्ध संपलें त्या १६४८ सालीं जर्मन पदांचा संग्रह छापून तो लायप्झिगच्या नगरसभेस अर्पण केला. दोन्हींमागें हात एकच.

या श्यूट्सच्याच एका ग्रंथाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. वयाच्या ऐंशीच्या सुमारास त्यानें येशूच्या जन्माची कथा संगीतांत बसविली. तिची रचना आपल्या कीर्तनासारखी समजावी. एक कथेकरी शुभवर्तमानांतील वचनें गात पुढें नेतो आणि मध्यें मध्यें देवदूत, मेंढपाळ, मागी, हेरोद राजा यांचीं पदें वाद्यांच्या साथीनें येतात. १६६४ सालीं ड्रेस्डेन येथें ही कथा छापली गेली. पण छापला तो केवळ कथेकऱ्याचा भाग. मधल्या पदांस लागणारे गायकवादक राजेरजवाड्यांच्या पदरींच मिळतात, इतरत्र तीं पदें साधणार नाहींत, म्हणून तीं छापलीं नाहींत. ज्यांस पाहिजेत त्यांनीं लायप्झिगच्या किंवा ड्रेस्डेनच्या अमुक गायनाधिकाऱ्याकडून योग्य मोबदला देऊन नक्कल घ्यावी, अशा आशयाची सूचना पुस्तकांतच होती. ग्रंथकर्त्याची सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला कीं, छापलेलें टिकलें आणि न छापलेलें जर्मनींत नाहींसें झालें.

फिलिप श्पिटा या थोर संशोधकानें १८८५ पासून १८९४ पर्यंत श्यूट्सचें समग्र संगीत सोळा भागांत प्रसिद्ध केलें. त्याला जन्मकथेचा कथेकऱ्याचा भागच देतां आला. कथेकरी म्हणतो कीं देवदूत बोलला, आणि देवदूत मुका! पुढें १९०८ सालीं आर्नोल्ड शेरिंग यास स्वीडनमधील उप्साला येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत या पदांच्या हस्तलिखित वह्या मिळाल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं त्या श्पिटाच्या आवृत्तीची पुरवणी म्हणून छापून निघाल्या. तरीहि आरंभींच्या वृंदपदाचा केवळ मूळ खर्जाचा भाग हातीं आला. त्यावरचे आवाज संपादकानें आपल्या बुद्धीनें रचले. आज ही कथा गाइली जाते तेव्हां पहिलें पद श्यूट्सचें अक्षरशः नव्हे, हें ध्यानांत असावें.

जर्मनींत हरवलेल्या वह्या स्वीडनमध्यें कशा सांपडल्या? याचें उत्तर एका संग्राहकाच्या चिकाटींत आहे. स्टॉकहोमच्या राजदरबारचा संगीताधिकारी गुस्ताफ डूबेन हा त्या शहरांतील जर्मन देवळांतहि वादक होता. त्यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतून व इटलींतून मिळेल तें धर्मसंगीत मागवून, उतरवून घेऊन आपल्या दप्तरांत घातलें. १७३२ सालीं त्याच्या मुलानें तें सारें उप्साला विद्यापीठास दिलें. ल्यूबेकचा प्रसिद्ध वादक डीट्रिख बुक्स्टेहूडे याचीं बहुतेक गेय धर्मपदें आज उपलब्ध आहेत तीं या दप्तरामुळें. त्यानें १६८० सालीं रचलेली क्रुसावरील येशूच्या अवयवांचीं सात लॅटिन पदें तर डूबेनलाच अर्पण केलेलीं असून त्याच्या स्वहस्तें लिहिलेली प्रत तेथें आहे. ही प्रत रेघांवरील स्वरचिन्हांत नसून अक्षरांत लिहिलेली आहे, म्हणजे आपल्या सा-रे-ग-म लेखनाच्या जातीची. या लिपीमुळें थोड्या कागदावर सर्व आवाज एकाखालीं एक बसत. पण पुढील पिढ्यांस ती वाचतां येईना, आणि अशीं कित्येक बाडें वाचतां येत नाहींत म्हणूनच रद्दींत गेलीं असावींत. मोडी दप्तरांची जी दशा आपण पाहिली आहे तिच्याहून ही फारशी निराळी नाहीं.

श्यूट्सच्या अखेरच्या कृतीचें नशीब मात्र इतकें चांगलें नव्हतें. ११९ वें स्तोत्र आणि त्यास जोडलेलीं आणखी दोन पदें दोन वृंदांसाठीं, म्हणजे आठ आवाजांसाठीं, त्यानें १६७१ सालीं सिद्ध केलीं. आठ आवाजांच्या आठ वह्या व ऑर्गनची नववी, असा तो हस्तलिखित संच होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो गूबेन येथें आढळला व पुन्हां दृष्टीआड झाला. पुढें त्याचा पत्ता लागला तेव्हां दुसऱ्या वृंदाच्या सोप्रानो व टेनर यांच्या वह्या त्यांत नव्हत्या. वोल्फ्राम श्टॉयडे यानें हे दोन आवाज बाकीच्यांच्या अनुरोधानें नव्यानें रचून १९८४ सालीं आवृत्ति काढली. आठांपैकीं सहा आवाज असतां उरलेले दोन तर्कानें भरतां येतात, कारण मेळाचे नियम कडक आहेत. पण तर्क तो तर्कच.

आतां बाखकडे वळूं. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा १७२३ पासून मरेपर्यंत लायप्झिग येथें गायनाधिकारी होता. त्याचीं देवळांतील गीतें त्याच्या हयातींत फारच थोडीं छापलीं गेलीं. बाकी सर्व हस्तलिखित. प्रत्येक कृतीचे कागद दोन प्रकारचे: त्याच्या हातचें सर्व आवाजांचें एकत्र बाड, आणि त्यावरून शिष्यांनीं व घरच्या माणसांनीं उतरलेल्या गायकवादकांच्या वह्या. तो वारल्यावर या कागदांच्या वांटण्या झाल्या. भजनांच्या चालींवर रचलेल्या एका वर्षाच्या गीतांचीं बाडें वडील मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्याकडे गेलीं व त्याच्या हातून तीं पांगलीं. वह्या विधवा आन्ना माग्डालेना हिनें त्याच सालीं थोमास शाळेस दिल्या. त्या एकत्र राहिल्या, आणि ४४ गीतांच्या वह्यांचे संच अद्याप लायप्झिगमध्यें आहेत.

संग्राहकांचा ओढा स्वाभाविकपणें ग्रंथकर्त्याच्या हातच्या बाडाकडे असतो. नकलनवीसांच्या वह्यांस कोणी विचारीत नाहीं. परंतु बाखचा काळ ठरविण्याचें काम या वह्यांनींच केलें. श्पिटानें १८७३ व १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत हीं गीतें बाखच्या उतारवयांतलीं, म्हणजे १७३५ नंतरचीं मानलीं होतीं, आणि पाऊणशें वर्षें सर्वांनीं तेंच प्रमाण धरलें. श्पिटानेंहि कागदांवरील जलचिन्हें पाहिलीं होतीं. पुढें आल्फ्रेड ड्युर यानें १९५७ सालीं व गेओर्ग फोन डाडेल्झेन यानें १९५८ सालीं जलचिन्हांच्या जोडीला प्रत्येक नकलनवीसाचें वळण, त्या वळणांत वर्षागणिक पडत गेलेला फरक, आणि एकाच हातानें कोणत्या कोणत्या वह्या लिहिल्या याचें कोष्टक मांडलें. तेव्हां हीं गीतें १७२४–२५ या एकाच वर्षांतलीं ठरलीं. म्हणजे जो मनुष्य आयुष्यभर संथपणें देवळासाठीं लिहीत होता असें मानीत, त्यानें वस्तुतः लायप्झिगच्या पहिल्या कांहीं वर्षांत आठवड्याला एक गीत या वेगानें बहुतेक काम उरकलें होतें. संबंध चरित्र फिरलें, आणि तें फिरविलें निनांवी पोरांच्या अक्षरांनीं. आमच्या मतें या सर्व प्रकरणांत संग्राहकांनीं लक्षांत घेण्याजोगी याहून मोठी गोष्ट नाहीं.

याच्या उलट, ग्रंथकर्त्याच्या हातचें बाड समोर असूनहि पाठ निश्चित होत नाहीं, याचें उदाहरण म्हणजे बाखची बी मायनर स्वरांतील लॅटिन मिस्सा. या बाडाचे चार भाग असून प्रत्येकास स्वतंत्र मुखपृष्ठ आहे; सबंध ग्रंथास नांवच नाहीं. सर्वांत जुना भाग, सांक्तुस, १७२४ चा. पहिला भाग, किरिये व ग्लोरिया, १७३३ चा. त्याच्या वह्या बाखनें २७ जुलै १७३३ च्या अर्जासह ड्रेस्डेनच्या कॅथलिक राजास सादर केल्या व त्या अजून त्या शहरीं आहेत. बाकीचा भाग त्यानें आयुष्याच्या शेवटल्या एकदोन वर्षांत जोडला. हें चार चोपड्यांचें गाठोडें कीं एक ग्रंथ, यावर मोठा वाद माजला आहे. फ्रीड्रिख स्मेंड यानें १९५४ सालीं नव्या समग्र आवृत्तींत तें निरनिराळ्या कृतींचें गाठोडेंच ठरवून छापलें. डाडेल्झेनसारख्यांनीं त्याच्या आधारांवर कडक टीका केली.

बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याच्याकडे हें बाड गेलें. त्यानें १७८६ सालीं हांबुर्ग येथें त्यांतील मतप्रतिज्ञेचा भाग गाववून घेतला. तसें करितांना त्यानें बापाच्या बाडांतच शब्द, स्वर व खुणा घातल्या, कोठें खोडून पुन्हां लिहिलें. पितृभक्ति निःसंशय, पण पुढच्या संपादकांवर मोठेंच संकट. त्याच्या कुटुंबाकडून १८०५ सालीं हें बाड झूरिकचा प्रकाशक हान्स गेओर्ग नेगेली यानें घेतलें, आणि १८१८ सालीं सर्व काळांतील व सर्व राष्ट्रांतील श्रेष्ठ कृति म्हणून तिची जाहिरात केली. वर्गणीदार मात्र पुरेसे मिळाले नाहींत. पहिला भाग १८३३ सालीं व दुसरा १८४५ सालीं निघाला. बाखच्या शतसांवत्सरिक पुण्यतिथीस, १८५० सालीं, लायप्झिग येथें स्थापन झालेल्या बाख मंडळानें आपल्या समग्र आवृत्तींत ही मिस्सा घेतली तेव्हां नेगेलीच्या मुलानें बाड दाखविण्याचें नाकारलें. संपादक युलिउस रीट्स यानें ड्रेस्डेनच्या वह्या, जुन्या नकला व आधीचीं छापील पुस्तकें यांवरून १८५६ सालीं आवृत्ति काढली. लागलीच बाड त्या कुटुंबाच्या हातून सुटलें, आणि १८५७ सालीं तोच भाग पुन्हां दुरुस्त करून छापावा लागला! अस्सल कागद कुलुपांत ठेवणाऱ्यांचा अनुभव आमच्या मंडळींस आहेच. सविस्तर लिहीत नाहीं.

बरें, बाड मिळून तरी काय झालें? पहिल्या भागाचे दोन पाठ हातीं आले. ड्रेस्डेनच्या वह्यांत बारीक खुणा अधिक आहेत. ‘दोमिने देउस’ या पदाच्या बासरीच्या वहींत जोडस्वरांचा आघात उलटा करून लिहिला आहे, तो बाडांत नाहीं. उलट बाडांत बाखनें वह्या देऊन टाकल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं फेरफार केले आहेत. जुना पाठ एकाकडे, नवा दुसऱ्याकडे, आणि दोन्ही ग्रंथकर्त्याचेच. मतप्रतिज्ञेच्या भागांत तर त्यानें ‘एत इंकार्नातुस’ हें पद मागाहून सुट्या पानावर लिहून मध्यें घातलें. त्यामुळें आधीच्या युगुलगीताचे शब्द पुन्हां वांटून त्या भागाच्या शेवटीं नव्यानें लिहिले, पण जुनी वांटणी खोडली नाहीं. कोणती गावी?

त्यांत शाईनें भर घातली. मायफळ व हिराकस यांच्या शाईंतील अम्लानें कागद खाल्ला आहे. जेथें बापाच्या अक्षरावर मुलानें गिरविलें तेथें दोन्ही अक्षरें मिळून एक काळा डाग किंवा भोंक उरलें आहे. येथें अलीकडे रसायनशास्त्र कामास आलें. हिराकसांत लोहाबरोबर तांबें, जस्त, मँगनीज हीं कमीअधिक असतात, व त्यांचें प्रमाण शाईच्या प्रत्येक पाकांत निराळें. कागदास धक्का न लावतां क्ष-किरणांनीं हें प्रमाण मोजून कोणता ठिपका बापाचा व कोणता मुलाचा हें पुष्कळ ठिकाणीं ठरवितां आलें. या मोजणीच्या आधारें ऊवे वोल्फ यानें २०१० सालीं बेरेनराइटरकडून सुधारलेली आवृत्ति काढली. तिच्या आधीं २००६ सालीं योशुआ रिफ्किन यानें ब्राइटकोप्फ आणि हेर्टेल यांच्याकडून काढलेल्या आवृत्तींत मुलाचा हात वगळून केवळ बापाचा अखेरचा पाठ देण्याचा प्रयत्न केला होता. खुद्द बाड १८६१ पासून बर्लिनच्या ग्रंथालयांत असून २०१५ सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक स्मृतींच्या यादींत नोंद केली.

संग्राहकांच्या हातीं नेहमीं येणाऱ्या एकोणिसाव्या शतकांतील छापील प्रतींविषयीं दोन शब्द लिहितों. तांब्याच्या किंवा कथील व शिसें यांच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या या प्रतींवर बहुधा सन नसतो; पण प्रत्येक पानाच्या तळाशीं प्रकाशकाचा पत्र्याचा क्रमांक असतो व त्यावरून सन काढतां येतो. शिळाछापाचीहि पुस्तकें असतात. ज्या शिळाछापानें आपल्याकडे पोथ्या घरोघर पोंचल्या, तो आलोइस झेनेफेल्डर यानें म्युनिक येथें १७९६ च्या सुमारास प्रथम संगीत छापण्यासाठींच उपयोगांत आणला, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. या काळच्या संपादकांनीं जोर, वेग, श्वास यांच्या खुणा मनास येईल तशा घातल्या आणि त्या मुळांतल्या कीं स्वतःच्या हें सांगितलें नाहीं. अशा प्रतींवरून पाठाचा निर्णय करूं नये. विसाव्या शतकांतील समग्र आवृत्त्यांत संपादकानें घातलेली खूण बारीक ठशांत किंवा तुटक रेघेनें दाखवितात. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ असते, तत्त्व तेंच.

असो. शेवटीं बर्लिनच्या झिंग-आकाडेमी या गायनसंस्थेच्या दप्तराची हकीकत. १७९१ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेकडे बाखनें स्वतः जमविलेलीं आपल्या पूर्वजांचीं धर्मगीतें होतीं, तसेंच कार्ल फिलिपनें हांबुर्गसाठीं सिद्ध केलेल्या येशूच्या दुःखसहनकथांचीं बाडें व वह्या. महायुद्धांत १९४३ सालीं हें दप्तर सुरक्षिततेसाठीं सायलेशियांत हलविलें आणि युद्धानंतर तें नाहींसें झालें. पूर्वजांचीं गीतें माक्स श्नायडर यानें सुदैवानें १९३५ सालींच छापलीं होतीं. पन्नास वर्षांहून अधिक काळ अस्सलाच्या जागीं तें छापील पुस्तकच चाललें. दुःखसहनकथांपैकीं बहुतेक छापल्या गेल्या नव्हत्या. त्या केवळ यादींतल्या नांवांपुरत्या उरल्या. १९९९ सालीं क्रिस्टोफ वोल्फ व त्याचे सहकारी यांस युक्रेनची राजधानी कीव येथील सरकारी दप्तरखान्यांत पांच हजारांहून अधिक अंकांचें हें दप्तर जवळजवळ जसेंच्या तसें आढळलें. २००१ सालीं तें बर्लिनला परत आलें. श्नायडरचा पाठ तेव्हां अस्सलाशीं ताडून पाहतां आला, आणि कार्ल फिलिपच्या समग्र संगीताची जी आवृत्ति २००५ पासून अमेरिकेंत निघूं लागली, तिच्यांत त्या दुःखसहनकथा याच वह्यांवरून छापल्या गेल्या.